हजेरीत सांगितलेलं आडनाव

नमस्कार, श्रोतेहो.

वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन गावची शाळा. अमेरिकेतली गुलामी संपून थोडीच वर्षं झालेली. मिठाच्या भट्टीवर राबणारा एक काळा मुलगा पहिल्यांदाच वर्गात येऊन बसलाय आणि मास्तर हजेरी घेतायत. बाकीची मुलं दोन-दोन नावं सांगतात, एखादा तर तीन. ह्याला मात्र आजवर सगळ्यांनी नुसतं ‘बुकर’ म्हणून हाक मारलेली. आता काय सांगायचं? पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवून टाकलं. मास्तरांनी विचारलं, तसा तो शांतपणे म्हणाला, ‘बुकर वॉशिंग्टन.’

पुढे १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी करणारे बुकर टी. वॉशिंग्टन ते हेच. त्यांच्या मालकाचं आडनाव होतं बरोज, म्हणजे हे नाव काही मालकाकडून आलेलं नाही. सावत्र वडिलांचं पहिलं नाव मात्र वॉशिंग्टन होतं. आईने जन्मल्यावर आपल्याला ‘टॅलिआफेरो’ असंही एक नाव ठेवलं होतं, हे नंतर कळलं तेव्हा त्यांनी तेही मधे घेतलं. तो ‘टी’ आईचा.

हे आडनाव मुळात आहे एका गावाचं. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅमच्या मुलखात, वेअर नदीजवळचं हे गाव. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो ह्वास्सा नावाच्या कुणा माणसाच्या लोकांची वस्ती. ११८३ मध्ये डरहॅमच्या बिशपने आपल्या जमिनींची मोजदाद करून घेतली. बोल्डन बुक म्हणतात त्या दप्तराला. त्यात एक नोंद आहे: विल्यम द हर्टबर्न याने आपलं हर्टबर्न गाव देऊन त्याच्या बदल्यात हे गाव घेतलं. खंड किती? वर्षाला चार पौंड, आणि बिशपची मोठी शिकार निघेल तेव्हा चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं.

गाव बदललं तसं विल्यमचं नावही बदललं. तो झाला विल्यम द वेसिंग्टन, म्हणजे वेसिंग्टनचा विल्यम; वेसिंग्टन हे वॉशिंग्टनचंच जुनं रूप. ह्या ‘द’मध्ये आणि आपल्या ‘कर’मध्ये काय फरक आहे? दोन्ही विचारतात, तुम्ही कुठले? फरक एवढाच की इंग्लंडात तो ‘द’ पुढे गळून गेला आणि नुसतं गाव माणसाला चिकटून राहिलं.

वंश पसरला. एक शाखा लँकाशरमध्ये गेली, तिथून नॉर्थँप्टनशरमध्ये. १५३९ मध्ये लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या माणसाने सल्ग्रेव्हची जहागीर राजा आठव्या हेन्रीकडून विकत घेतली. मठ मोडून त्यांच्या जमिनी विकण्याचा तो काळ. ह्याच घराण्यातले एक पाद्री इसेक्समधल्या पर्ली गावी होते. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, पार्लमेंटवाल्यांनी त्यांना तिथून काढून टाकलं. घराची दैना झाली. त्यांचा मुलगा जॉन गलबतावर चढला आणि व्हर्जिनियात जाऊन राहिला. त्या जॉनचा पणतू म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर डरहॅमकडच्या त्या मूळ गावी गेले आणि तिथे त्यांनी एक झाड लावलं, ते ह्याच नात्याने.

पण जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं. मग हे आडनाव आज लावतं कोण? २००० च्या जनगणनेत अमेरिकेत १ लाख ६३ हजार लोकांचं आडनाव वॉशिंग्टन निघालं, आणि त्यांतले दर दहांमागे जवळजवळ नऊजण काळे. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्याच ओळीवर थांबलो होतो. डरहॅमच्या सरदाराचं नाव आज ज्यांच्या दारावर आहे, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून साखळदंडात आणलेले. शिकागोचे पहिले काळे महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन, नट डेन्झेल वॉशिंग्टन, ही सगळी त्यांतलीच मंडळी. गायिका डायना वॉशिंग्टन यांचं जन्मनाव तर रूथ जोन्स. त्यांनी हे नाव गाण्यासाठी घेतलं.

गुलामाला आडनाव असलं तरी मालकाच्या वहीत ते बहुधा लिहिलं जात नसे. म्हणून मोकळं झाल्यावर आडनाव सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. शाळेच्या दप्तरातल्या नावाचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत भिवा नावाच्या मुलाचा प्रवेश झाला; घरचं आडनाव सकपाळ, आणि आज जग ज्या आडनावाने त्यांना ओळखतं, त्याचं मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावात.

आता शेवटी ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसलो, तो माणूस. हॅरी वॉशिंग्टन. जन्म आफ्रिकेत, गँबिया नदीच्या भागातला. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या तबेल्यात तो घोडे सांभाळायचा. स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, इंग्रजांनी पळून येणाऱ्या गुलामांना मुक्ती कबूल केली, आणि १७७६ मध्ये हॅरी मालकाला सोडून इंग्रजांच्या बाजूला गेला. युद्ध हरून १७८३ मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडू लागले तेव्हा बरोबर निघालेल्या काळ्या लोकांची एक वही केली होती. त्यात हॅरीचं नाव आहे, वय ४३. पुढे लिहिलंय, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचा, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला.

तिथून तो नोव्हा स्कोशियाच्या थंडीत राहिला. १७९२ मध्ये सुमारे बाराशे लोकांबरोबर पंधरा गलबतांच्या ताफ्यातून तो आफ्रिकेला परतला, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला. तिथल्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा लावला, तेव्हा वसाहतकऱ्यांनी बंड केलं. साल १८००. जॉर्ज वॉशिंग्टन आदल्याच डिसेंबरमध्ये वारले होते. बंड मोडलं, आणि हॅरीला नदीपलीकडे बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं. तिथल्या हद्दपार लोकांच्या वस्तीचा तो पुढारी झाला. नाव तेच, हॅरी वॉशिंग्टन.

नमस्कार.