पाटीवरचं ‘आणि’

(दृश्य: पॅरिस. भिंतीवर निळी पाटी, हिरवी किनार, पांढरी अक्षरं.)

‘पिएर आणि मेरी क्युरी मार्ग’. रस्ता लहानसाच आहे, पण याच रस्त्यावर रेडियम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथली प्रयोगशाळा मेरी क्युरी यांनी चालवली. पिएर १९०६ मध्ये अपघातात गेले. १९११ मध्ये मेरी यांना दुसरं नोबेल मिळालं. १९३४ मध्ये त्याही गेल्या. तोवर त्यांच्या प्रयोगशाळेचा पत्ता होता: १, पिएर क्युरी मार्ग. नवऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर त्या वर्षानुवर्षं कामाला येत राहिल्या.

त्यांचं नाव पाटीवर चढलं १९६७ मध्ये. पॅरिसला लागून असलेल्या उपनगरात १९४६ पासून ‘पिएर क्युरी’ नावाचं मेट्रो स्टेशन होतं. तिथे ‘आणि मेरी’ एवढे दोन शब्द वाढवायला २००७ उजाडलं.

(दृश्य: शहराचा नकाशा. रस्त्यांवर एकेक ठिपका उजळतो.)

अशी नावं मोजायला बसलं की आधी निवडणं-टिपणं करावं लागतं. झाडं, नद्या, गावं, लढाया, दिशा... ही सगळी नावं बाजूला काढायची. माणसांची उरली की त्यात बाई कोण, पुरुष कोण, हे शोधायचं. पाटीवर नुसतं आडनाव असलं तर जुनी कागदपत्रं चाळत बसायचं. युरोपातल्या ३० शहरांत ही मोजणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे आकडे बाहेर आले. माणसांची नावं असलेल्या रस्त्यांपैकी ९१ टक्के पुरुषांच्या नावाचे निघाले. उरलेल्या नऊ टक्क्यांतही येशूची आई मेरी, संत स्त्रिया आणि राण्या बऱ्याच. म्हणजे देव्हाऱ्यात किंवा सिंहासनावर बसलात तर पाटी मिळण्याची शक्यता बरी. प्रयोगशाळेत, छापखान्यात, रंगमंचावर आयुष्य घालवलं असेल, तर थांबा.

हे कुणी कट करून घडवलेलं नाही. पाट्या ठोकल्या गेल्या तेव्हा नावं ठरवणाऱ्या खुर्च्यांवर पुरुष बसले होते. सेनापती, मंत्री, महापौर यांची यादी त्यांच्या तोंडपाठ होती. बायकांना तर मतदानाचा हक्कही नव्हता. आणि एकदा ठोकलेली पाटी सहसा निघत नाही. रस्त्याचं नाव बदललं की तिथल्या प्रत्येक घराचा पत्ता बदलतो, कागदपत्रं बदलतात, दुकानांचे फलक बदलतात. रहिवासी कुरकुरतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही.

म्हणून काहींनी कागदाचा रस्ता धरला. ऑगस्ट २०१५. एका स्त्रीवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या आसपासच्या पाट्यांवर रातोरात बायकांच्या नावांच्या कागदी पाट्या चिकटवल्या. सेन नदीचा एक काठ सकाळी गायिका नीना सिमोन यांच्या नावाने जागा झाला. संघटनेचा हिशेब असा होता, की पॅरिसमधल्या जेमतेम २.६ टक्के रस्त्यांना बायकांची नावं आहेत.

व्हिएन्नाने दुसरी वाट काढली. जुन्या विमानतळाच्या जागेवर झेश्टाट नावाची नवी वसाहत उभी राहतेय, तिथले बहुतेक रस्ते बायकांच्या नावे. विचारवंत हाना आरेन्ट यांचा चौक, गायिका जॅनिस जॉप्लिन यांच्या नावाचा फेरफटक्याचा रस्ता, गणितज्ञ एडा लवलेस यांचा मार्ग. मन सुखावतं, खरंच. फक्त एक खटकतं. वसाहत शहराच्या पार टोकाला आहे. भुयारी रेल्वे तिथे संपते. मधलं जुनं शहर ज्यांच्या नावे होतं, त्यांच्याच नावे राहिलं.

(दृश्य: बर्लिन. ज्यू संग्रहालय, समोर जुन्या फुलबाजाराची इमारत.)

बर्लिनच्या फ्रीड्रिक्सहाइन-क्रॉइत्सबर्ग या भागाने २००५ मध्ये नियमच केला: निम्मे रस्ते बायकांच्या नावे होईपर्यंत नव्या जागांना बायकांचीच नावं द्यायची. पुढे ज्यू संग्रहालयाने समोरच्या फुलबाजारात नवी वास्तू थाटली. तिच्या पुढ्यातल्या चौकाला अठराव्या शतकातले तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांचं नाव द्यावं, अशी संग्रहालयाची इच्छा. नाव तोलामोलाचं, पण पुरुषाचं. नियम आडवा आला. वाद पेपरांत गाजला. अखेर २०१३ मध्ये तोड निघाली: मोझेस यांच्या पत्नी फ्रोमेट यांनाही पाटीवर घ्यायचं.

आता गंमत बघा. बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावाने जागा मिळावी म्हणून केलेला नियम, आणि त्या नियमाने पाटीवर आली ती कुणाची तरी पत्नी म्हणून. काहींना ही पळवाट वाटली. मलाही थोडी वाटते.

(दृश्य: कॅमेरा पाटीच्या अगदी जवळ. डावीकडून उजवीकडे सावकाश.)

पाटी लांबलचक आहे, एका नजरेत मावत नाही. मधे एक शब्द येतो, ‘उंट’. आपला वाळवंटातला नव्हे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘आणि’. पॅरिसच्या पाटीवर मेरी येतात त्या ‘आणि’च्या नंतर. इथे कॅमेरा आधी फ्रोमेटवर थांबतो. मग ‘उंट’. मग मोझेस.