मी आयुष्यात एकदाच बँकेच्या बाजूने ओरडलो

[कॅमेऱ्यासमोर. मागे भिंतीवर विटलेली लाल जर्सी.]

हप्ता एक दिवस चुकला तर सकाळी नऊला फोन करणारी जी बँक असते ना, तिच्यासाठी तुम्ही कधी टाळ्या वाजवल्यात? मी वाजवल्यात. १३ ऑक्टोबर २०१०. पुण्यात एक सायबर कॅफे, दुपारची वेळ, नवरात्र चाललेलं. लंडनच्या हायकोर्टात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड जिंकली आणि मी खुर्चीवरून उठून ओरडलो. शेजारी एक मुलगा बायोडेटा टाइप करत बसला होता. त्याने विचारलं, "काय, नोकरी लागली?" म्हटलं, "नाही रे, बँक जिंकली." तो जरा सरकून बसला.

तर मंडळी, आज फुटबॉल आहे, पण मैदान नाही. मैदानात काय झालं ते वाईटच होतं, त्याचं सांगतो थोडं पुढे. आजची गोष्ट इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या विक्रीची. त्या एका आठवड्यात एक जुना क्लब दोन देशांच्या कोर्टात लोंबकळत होता, आणि आमच्यासारखे लोक हातात काहीच नसताना पेज रिफ्रेश करत बसले होते.

आधी मी कुठला ते सांगतो, म्हणजे माझा त्रागा का होता ते कळेल. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, ही नावं ज्यांना माहीत आहेत त्यांना शाहू स्टेडियमवर सामन्याच्या दिवशी काय वातावरण असतं ते वेगळं सांगायला नको. आता पाटाकडील तालीम उद्या कुणाला विकत घ्यायची असेल तर कुणाकडून घेणार? पेठेकडून? पेठ काय सातबाऱ्यावर लिहिलेली असते? त्यामुळे "क्लबचा मालक" हे दोन शब्द एकत्र माझ्या डोक्यात कधी नीट बसलेच नाहीत. लिव्हरपूलनेच ते बसवले, आणि तेही खिळे ठोकून.

[स्क्रीनवर: फेब्रुवारी २००७]

क्लब तेव्हा डेव्हिड मूर्स यांच्याकडे होता. तिथल्याच श्रीमंत घराण्यातले, साध्या मनाचे, क्लबवर खरं प्रेम. पण दुसऱ्या क्लबांकडे अब्जाधीश येत होते, नवं स्टेडियम बांधायचं होतं, तेवढा पैसा मूर्स यांच्याकडे नव्हता. आधी दुबईच्या एका सरकारी गुंतवणूक कंपनीशी बोलणी झाली, ती फिसकटली. मग आले टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट. दोन अमेरिकन. हिक्सकडे बेसबॉलचा संघ होता, जिलेटकडे आइस हॉकीचा. शेअर्सचे १७ कोटी ४१ लाख पौंड दिले आणि वर क्लबचं जुनं कर्जही अंगावर घेतलं. पहिल्या पत्रकार परिषदेत लाल मफलर गळ्यात घालून दोघं हसतायत, तो फोटो अजून बघितला की माझं डोकं फिरतं. जिलेट म्हणाले होते, साठ दिवसांत नव्या स्टेडियमसाठी पहिलं फावडं जमिनीत जाईल. हेही सांगितलं होतं की हे मँचेस्टर युनायटेडसारखं नाही, कर्जाचं ओझं क्लबवर येणार नाही.

फावडं काही जमिनीत गेलं नाही. कर्ज मात्र गेलं.

हे कसं चालतं ते आपल्या सोसायटीवरून सांगतो. समजा एक माणूस तुमची अख्खी इमारत विकत घ्यायला आला. पैसे त्याचे नाहीत, बँकेचे. घेतल्यावर तो म्हणतो, आता हा हप्ता तुमच्या मेंटेनन्समधून जाईल. लिफ्ट बंद? पुढच्या वर्षी बघू. पाण्याची टाकी गळतेय? बघू ना. आणि तुम्ही मात्र दर महिन्याला जास्तच भरताय. क्लब कर्जावर घ्यायचा आणि त्याचं व्याज क्लबच्याच कमाईतून फेडायचं, हे नेमकं असंच असतं. जुलै २००९ ला संपलेल्या वर्षात, क्लब ज्या कंपनीच्या नावावर होता त्या वरच्या कंपनीचा तोटा जवळपास साडेपाच कोटी पौंड होता. त्यातले ४ कोटी फक्त व्याज. मुद्दल नव्हे, व्याज! ४ कोटी पौंडांत तेव्हा एक उत्तम स्ट्रायकर आला असता आणि वर एक बॅकही. आमचा मात्र मिडफिल्डर झाबी अलोन्सो माद्रिदला गेला आणि वर्षभराने मास्केरानो बार्सिलोनाला.

आणि त्या वरच्या कंपनीचं नाव काय माहितेय? कॉप. कॉप फुटबॉल. कॉप म्हणजे अ‍ॅनफिल्डचा, आमच्या मैदानाचा, तो स्टँड, जिथे लोक पिढ्यानपिढ्या उभे राहून गात आले. हे नाव आलंय दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवरून. १९०० साली बोअर युद्धात तिथे लिव्हरपूलच्या भागातले बरेच सैनिक मेले. (थोडं विषयांतर करतो: त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी नावाचे एक तरुण वकील होते.) तर अशा ठिकाणाचं नाव उचलून या दोघांनी कर्जाच्या कंपनीला दिलं. व्याजाचा आकडा एक वेळ पचला असता, हे नाही पचलं.

पुढे दोघांचं आपसातच बिनसलं. एकाला विकायचं, दुसऱ्याने अडवायचं. मॅनेजर राफा बेनिटेझ पदावर असताना त्यांच्या जागी आणायला युर्गेन क्लिन्समनशी बोलणी केली आणि हिक्सने ते उघडपणे कबूलही केलं. जानेवारी २०१० मध्ये हिक्सच्या मुलाने एका चाहत्याला ईमेलवर शिव्या घातल्या, त्यात त्याला संचालकपद सोडावं लागलं. चाहते गप्प नव्हते. २००८ मध्येच त्यांनी सँडन नावाच्या पबमध्ये जमून स्वतःची युनियन काढली. क्लबच्या संस्थापकाचाच हा पब होता. मोर्चे निघाले, सामना संपल्यावर लोक स्टँडमध्येच बसून राहिले, आणि हिक्स नवं कर्ज मागायला ज्या ज्या दारात जाईल तिथे ईमेलचा पाऊस पाडला. मी पण दोन पाठवले. इंग्रजी यथातथाच होतं, पण भावना पोचल्या असाव्यात.

आता नीट ऐका, कारण सगळी गंमत एका कागदात आहे.

हे कर्ज होतं रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचं. एप्रिल २०१० मध्ये बँकेने कर्जाची मुदत वाढवली, पण फुकट नाही. अट घातली: क्लब विकायला काढा आणि विक्रीसाठी एक स्वतंत्र अध्यक्ष नेमा. ते आले मार्टिन ब्रॉटन, ब्रिटिश एअरवेजचे अध्यक्ष. संचालक मंडळ पाच जणांचं झालं: हिक्स, जिलेट, ब्रॉटन, आणि क्लबचे दोन अधिकारी, क्रिस्टियन पर्स्लो आणि इयन एअर. दोघांविरुद्ध तिघं. आणि या मंडळात बदल करायचा अधिकार फक्त ब्रॉटन यांना, असं मालकांनी बँकेला लिहून दिलं. सही केली. तेव्हा त्यांना वाटलं असेल, एक कागद जास्त, काय बिघडतंय.

कर्ज फेडायची शेवटची तारीख होती १५ ऑक्टोबर.

३ ऑक्टोबरला आम्ही घरच्या मैदानावर ब्लॅकपूलकडून हरलो. ब्लॅकपूल! सात सामन्यांत ६ गुण, विसांत अठरावा नंबर. आता हिशोब करा. पैसे भरले नाहीत तर बँक वरची कंपनी ताब्यात घेऊन प्रशासक बसवू शकत होती, आणि तसं झालं तर लीगच्या नियमाने ९ गुण वजा व्हायची भीती होती. सहातून नऊ गेले, उणे तीन. म्हणजे आमच्याकडे गुण नव्हतेच, उलट देणं होतं.

५ ऑक्टोबरला मंडळाची बैठक. विषय, बोस्टनच्या जॉन हेन्री यांच्या कंपनीची ३० कोटी पौंडांची ऑफर. बैठकीच्या तोंडावर हिक्सने कळवलं की पर्स्लो आणि एअर यांना काढलंय, त्यांच्या जागी माझा दुसरा मुलगा आणि कंपनीतल्या एक बाई. म्हणजे तीनास दोन उलटं फिरवलं. ब्रॉटन यांनी ते मानलंच नाही, बैठक पुढे चालवली आणि विक्री मंजूर केली. आता खरं मंडळ कुठलं? हा प्रश्न घेऊन बँक कोर्टात गेली, आणि तो सही केलेला कागद तिथे बाहेर आला. न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी १३ तारखेला निकाल दिला: जुनं मंडळच खरं. तिथे मी ओरडलो.

रात्री खोलीवर आलो. कॉट बेसिसवर राहायचो, सहा जण एका फ्लॅटमध्ये. झोपायच्या आधी मोबाइलवर बघतो तर काय, हिक्स आणि जिलेट टेक्सासमधल्या डॅलसच्या कोर्टात गेले आणि तिथून विक्रीला तात्पुरती स्थगिती आणली. दाव्यात लिहिलेलं की हा महाभयंकर घोटाळा आहे, आम्हाला १६० कोटी डॉलर नुकसानभरपाई द्या. इंग्लंडचा क्लब, ब्रिटनची बँक, करार इंग्लंडचा, आणि स्थगिती डॅलसची. आपल्याकडे भाऊबंदकीत एक जण तहसीलदाराकडे हरला की दुसऱ्या दिवशी दिवाणीत जातो ना, तसंच. फक्त मधे अटलांटिक महासागर.

दुसऱ्या दिवशी फ्लॉइड यांनी टेक्सासशी या वादाचा खरा संबंध नाही म्हणत मालकांनाच आदेश दिला: शुक्रवारी चार वाजेपर्यंत तिथला दावा मागे घ्या. लंडनचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. शुक्रवार म्हणजे १५ तारीख, बँकेचीही शेवटची. खाली मंडपात दांडिया चालू, वर मी गॅलरीत नेटवर्क शोधतोय. दावा मागे घेतला गेला, विक्री झाली. हिक्स आणि जिलेट यांच्या हातात एक पौंडही आला नाही.

इथे मला एक कबूल करायला पाहिजे. हिक्सचं म्हणणं होतं की क्लब कवडीमोलाने गेला. तेव्हा मी हसलो होतो. आज त्याच क्लबची किंमत अब्जांमध्ये मोजतात. त्या आठवड्यातही सिंगापूरचे पीटर लिम जास्त रक्कम घेऊन आले होते आणि कंटाळून परत गेले. त्यामुळे किमतीबाबत त्याचा मुद्दा अगदीच फुसका नव्हता, हे मला आवडत नाही तरी सांगतो. पण ज्याच्या डोक्यावर १५ तारखेचा हप्ता आहे, ज्याला साडेतीन वर्षांत स्टेडियमची एक वीट लावता आली नाही, त्याने भाव पाडला म्हणून कुणावर रडायचं?

मला खरी चीड दुसऱ्याच गोष्टीची येते. त्या खटल्यात कोण कोण होतं बघा. बँक. मालक. संचालक. खरेदीदार. वकिलांची फौज. चाहते कुठे होते? कोर्टाच्या बाहेर, फुटपाथवर. साखर कारखाना लिलावात निघतो तेव्हा निदान सभासदाच्या नावावर एक शेअर तरी असतो, सभेत उठून आरडाओरडा करायची सोय असते. इथे तेही नाही. आम्ही वाचलो ते बँकेला तिचे पैसे हवे होते म्हणून. तिचा फायदा उलट्या दिशेने असता तर तोच कागद आमच्यावर उलटला असता. आणि गंमत म्हणजे २००८ च्या संकटानंतर ही बँक मुख्यतः ब्रिटिश सरकारच्याच मालकीची झाली होती. म्हणजे लिव्हरपूलचा कर भरणारा चाहता त्या बँकेचा थोडासा मालक होता, क्लबचा मात्र नव्हता. आणि आमच्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी एव्हर्टनचा चाहतासुद्धा!

जर्मनीत क्लबच्या मतांचा मोठा वाटा सभासदांकडे ठेवायचा नियम आहे, एक-दोन अपवाद सोडून. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक आणला. बघू काय होतं.

"पण नवे मालक चांगले निघाले ना?" हे कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच बोलतो. निघाले. चॅम्पियन्स लीग आली, तीस वर्षांनी लीग आली, अ‍ॅनफिल्ड मोठं झालं. पण २०१६ मध्ये याच मालकांनी ७७ पौंडांचं तिकीट काढलं, तेव्हा हजारो लोक ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले आणि मालकांना माघार घ्यावी लागली. २०२१ मध्ये मोठ्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचं खूळ काढलं, दोन दिवसांत हेन्री यांना व्हिडिओवर माफी मागावी लागली. चांगला मालक मिळणं हे नशीब झालं. आणि नशीब सगळ्यांचं सारखं नसतं, हे पुण्याइतकं कुणाला कळणार? आमच्या विक्रीनंतर महिनाभराने, शेजारच्या लँकेशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स पुण्याच्या पोल्ट्रीवाल्या व्यंकीज समूहाने घेतला. दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि चाहत्यांनी निषेध म्हणून मैदानात चक्क कोंबडी सोडली. मी तेव्हा पुण्यातच. ऑफिसात चिकन बिर्याणीच्या पार्टीला कुणी बोलावलं की मला ब्लॅकबर्नची आठवण यायची.

हां, १७ ऑक्टोबर राहिलं. दसरा होता. नवे मालक आल्यानंतरचा पहिलाच सामना, तोही एव्हर्टनशी, त्यांच्या मैदानावर. जॉन हेन्री स्वतः बघायला आलेले. मी सुट्टीला घरी, कोल्हापुरात. आपट्याची पानं वाटून झाली आणि दोघं-तिघं मित्र टीव्हीसमोर बसलो. माझी छाती फुगलेली, आठवडाभर जणू मीच कोर्टात उभा होतो. हरलो, दोन-शून्य. तक्त्यात खालून दुसरे.

टीव्ही बंद करताना आमच्या तालमीकडून खेळणारा एक मित्र म्हणाला, "मालक बदलला रं, पण मिडफिल्ड तेच हाय की."