चार अक्षरांचा पराभव

[पडदा काळा. क्रीडागृहातला गलबला हळूहळू मोठा होत जातो.]

१६ मार्च २०१८ रोजी रात्री, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराच्या स्पेक्ट्रम सेंटरमध्ये, व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मध्यंतरासाठी आत गेला तेव्हा गुणफलकावर २१–२१ अशी बरोबरी होती. व्हर्जिनियाच्या नारिंगी कपड्यांतील चाहत्यांनी काळजी करावी असे त्यात काही विशेष नव्हते, कारण त्यांचा संघ चेंडू घाईने टाकत नसे, सामना संथ ठेवत असे आणि प्रतिस्पर्ध्याला दमवून शेवटी जिंकत असे. त्या हंगामात त्याने ३१ सामने जिंकले होते आणि केवळ दोन गमावले होते. आठवड्यापूर्वीच आपल्या विभागाची, म्हणजे एसीसीची, स्पर्धाही त्याने जिंकली होती आणि राष्ट्रीय स्पर्धेतील सर्व ६८ संघांत त्याचे मानांकन पहिले होते.

समोरचा संघ मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेचा होता. या शाखेचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव यूएमबीसी. बुद्धिबळातील विजेतेपदांमुळे तिचे थोडे नाव होते, बास्केटबॉलमुळे नव्हते. याच संघाने जानेवारीत ऑल्बनीकडून ८३–३९ असा, तब्बल ४४ गुणांनी, मार खाल्ला होता. त्याचा चेंडू खेळवणारा के. जे. मौरा जेमतेम पाच फूट आठ इंच उंचीचा होता.

मध्यंतरानंतर वीस मिनिटांत यूएमबीसीने ५३ गुण केले. व्हर्जिनियाचा बचाव देशात सर्वोत्तम मानला जाई, आणि संपूर्ण चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो प्रतिस्पर्ध्याला सरासरी ५३–५४ गुणच करू देत असे. जो हिशेब एका सामन्याचा होता, तो अर्ध्या सामन्यात चुकता झाला. अखेरचा गुणफलक होता ७४–५४.

[स्थिरचित्र: रिकाम्या होत चाललेल्या नारिंगी खुर्च्या.]

या पराभवाचे वजन समजण्यासाठी स्पर्धेची रचना थोडी माहीत असावी लागते. संघांचे चार गट पाडले जातात, प्रत्येक गटात एक ते सोळा अशी मानांकने दिली जातात आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची गाठ सोळाव्याशी घातली जाते. १९८५ साली ही पद्धत सुरू झाल्यापासून त्या रात्रीपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत असे १३५ सामने झाले होते आणि १३५ही पहिल्या मानांकनाने जिंकले होते. १३६वा सामना व्हर्जिनियाच्या नशिबी आला. तोही शेवटच्या क्षणाच्या एखाद्या दैवी फेकीवर नव्हे, तर वीस गुणांनी.

हा फरकच चाहत्याला छळतो. एका गुणाने हरलेल्या सामन्यात हात ठेवायला एक जागा असते. पंचाचा तो निर्णय, ती हुकलेली मुक्त फेक, घड्याळातला तो अर्धा सेकंद यांच्याशी चाहता वर्षानुवर्षे भांडू शकतो आणि त्या भांडणात एक प्रकारचा दिलासाही असतो. एकतर्फी पराभवात मात्र ‘इथे चुकले’ म्हणून बोट ठेवायला जागाच नसते. त्या दिवशी डीअँड्रे हंटर हा महत्त्वाचा खेळाडू मनगटाचे हाड मोडल्यामुळे बाहेर होता, हे खरे आहे. परंतु एका खेळाडूच्या मनगटात वीस गुण बसत नाहीत, हे चाहत्यांनाही कळत होते. प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी त्याच रात्री कोणताही आडपडदा न ठेवता मान्य केले की आपल्याला सपाटून मार बसला आणि सामना चुरशीचा झालाच नाही.

कारणे होती, पण ती संघाच्या गुणांतच दडलेली होती. बेनेट यांचा बचाव त्यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवलेला. त्यात एक खेळाडू चेंडूवाल्याला भिडतो, बाकीचे चौघे बास्केटजवळच्या एका काल्पनिक रेषेच्या आत दाटी करून उभे राहतात, आत शिरण्याची वाट बंद करतात आणि प्रतिस्पर्ध्याला लांबून फेकायला भाग पाडतात. लांबची फेक बहुतेक वेळा चुकते, या भरवशावर सारा डोलारा उभा असतो. त्या रात्री यूएमबीसीच्या तीन गुणांच्या २४ फेकींपैकी १२ आत गेल्या. व्हर्जिनियाच्या २२ पैकी ४. जेरस लाइल्स या एकट्याने २८ गुण केले. आणि संथ खेळणाऱ्या संघाची खरी अडचण पिछाडीवर पडल्यावर कळते, कारण चेंडू हाती येण्याच्या संधी मुळातच कमी ठेवलेल्या असतात, आणि भरपाई करायची ती त्याच मोजक्या संधींतून.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रे. नारळाची झाडे, मग एक अतिशय उंच खेळाडू.]

शार्लट्सव्हिल या विद्यापीठाच्या गावी वयस्कर चाहत्यांना त्या रात्री एक जुने नाव आठवणे अटळ होते. ते नाव म्हणजे शॅमिनाड. २३ डिसेंबर १९८२ रोजी, जपानचा दौरा आटोपून परतताना, व्हर्जिनियाचा संघ होनोलुलुला थांबला होता. तो देशात पहिल्या क्रमांकावर होता, अपराजित होता आणि त्याच्याकडे सात फूट चार इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन होता. शॅमिनाड हे हजारभर विद्यार्थीही नसलेले हवाईतील छोटे कॉलेज. त्यांच्या टोनी रँडॉल्फने, जो स्वतः व्हर्जिनियात वाढलेला आणि सॅम्पसनच्या ओळखीचा होता, त्याच्यापेक्षा नऊ इंचांनी बुटका असूनही त्याला तोलून धरले. शॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२. सामन्याचे देशभर प्रक्षेपण नव्हते आणि हवाईचे घड्याळ पाच तास मागे चालते, म्हणून व्हर्जिनियातील बहुतेकांना ही बातमी नाताळच्या आदल्या दिवशी समजली. पराभव पाहिला कोणीच नव्हता. आठवतो मात्र सगळ्यांना.

सॅम्पसनच्या त्याच शेवटच्या हंगामाचा शेवटही तसाच झाला. १९८३च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने व्हर्जिनियाला आधी एसीसीच्या अंतिम सामन्यात ८१–७८ असे हरवले आणि दोन आठवड्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत ६३–६२ असे. तो संघ पुढे विजेता झाला. सॅम्पसन एकही राष्ट्रीय विजेतेपद न मिळवता विद्यापीठातून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, तो नसताना, संघ अंतिम चौघांत पोहोचला आणि ह्यूस्टनकडून अतिरिक्त वेळेत ४९–४७ असा हरला.

नंतरच्या पिढीकडे स्वतःची यादी आहे. ३० डिसेंबर २०१३ रोजी टेनेसीने त्यांना ८७–५२ असे, म्हणजे ३५ गुणांनी, लोळवले. तो पराभव मात्र चाहते आजही जवळजवळ प्रेमाने सांगतात, कारण त्यानंतर जो हॅरिस हा ज्येष्ठ खेळाडू प्रशिक्षकांच्या घरी बोलायला गेला, आणि त्याच हंगामात संघाने १९७६नंतर प्रथमच एसीसीची स्पर्धा जिंकली. २०१६ साली शिकागोत सिराक्यूजविरुद्ध पंधरा गुणांची आघाडी विरघळली आणि अंतिम चौघांचे दार बंद झाले. २०१७ साली फ्लोरिडाविरुद्ध साऱ्या सामन्यात मिळून ३९ गुण झाले, समोरचे ६५. या प्रत्येक वेळी टीकाकार म्हणत की असा संथ खेळ हिवाळ्यात चालतो, मार्चमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, नाही. चाहते वाद घालत, पण मनात कुठेतरी त्यांनाही ते पटू लागले होते, असे मला वाटते. शार्लटच्या रात्री वाद घालण्याचीही सोय उरली नाही.

मराठीत संपूर्ण पराभवाला पानिपत हे एका गावाचे नाव मिळाले आणि ते नाम म्हणून वाक्यात कुठेही बसू लागले. शार्लट्सव्हिलमध्ये ते काम यू, एम, बी, सी या चार अक्षरांनी केले. पुढच्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या क्रीडागृहांत प्रेक्षक ही चार अक्षरे एकेक करून, टाळ्यांच्या ठेक्यावर, ओरडू लागले.

[छायाचित्र: गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला खेळाडू; त्याच्या मागे आनंदाने उड्या मारणारा संघ.]

हे छायाचित्र नीट पाहावे. वाकलेला खेळाडू काइल गाय आहे. त्याचा चेहरा खाली आहे, हात गुडघ्यांवर आहेत, आणि मागे यूएमबीसीचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर झेपावत आहेत. सामन्यानंतर त्याला व इतरांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. चाहतेपणाच्या नावाखाली माणसे काय करतात, याची ही बाजू या कथेतून वगळता येत नाही. आपल्याला चिंतेचा विकार आहे, हे गायने नंतर उघडपणे लिहिले. आणि हेच छायाचित्र त्याने फोनच्या पडद्यावर लावून ठेवले, जेणेकरून वेळ पाहण्यासाठी फोन उचलला तरी ते दिसावे. बहुतेक माणसे असे छायाचित्र पुसून टाकतील. अनेक चाहत्यांनी तर त्या सामन्याचे चित्रण पुन्हा न पाहण्याचे ठरवले. दोन्ही वागणी मला समजण्यासारखी वाटतात, आणि त्यांपैकी कोणते अधिक निरोगी, हे ठरवण्याचा मोह मी टाळतो.

२२ मार्च २०१९ रोजी, साउथ कॅरोलायनातील कोलंबिया शहरात, व्हर्जिनिया पुन्हा पहिल्या मानांकनासह पहिल्या फेरीत उतरले. समोर सोळावे मानांकन असलेले गार्डनर-वेब. पहिल्या भागात गार्डनर-वेबने १४ गुणांची आघाडी घेतली. चाहत्याच्या छातीत वर्षभर साठलेली भीती मोजण्याचे यंत्र असते, तर त्या दहा-बारा मिनिटांत त्याचा काटा तुटला असता. मागच्या वर्षी मध्यंतराला किमान बरोबरी तरी होती. या वेळी संघ सहा गुणांनी मागे होता. मग हळूहळू, अगदी त्यांच्या नेहमीच्या कंटाळवाण्या पद्धतीने, बचाव आवळत गेला आणि सामना ७१–५६ असा संपला. तो विजय साजरा झाला, त्यापेक्षा सुस्कारा म्हणूनच अधिक ऐकू आला असावा.

त्यानंतरचे अडीच आठवडे सर्वज्ञात आहेत. पर्ड्यूविरुद्ध शेवटच्या सेकंदांत चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे उडाला. पहिल्या वर्षाच्या किहेई क्लार्कने तो धावत जाऊन गाठला आणि लांबून मामादी डियाकितेकडे फेकला, आणि डियाकितेने बरोबरी साधली. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद शिल्लक असताना संघ दोन गुणांनी मागे होता आणि तीन मुक्त फेकींसाठी रेषेवर उभा होता तो काइल गाय. तिन्ही आत. ८ एप्रिल रोजी मिनियापोलिसमध्ये टेक्सस टेकविरुद्ध अतिरिक्त वेळेत ८५–७७. आदल्या वर्षी मनगटामुळे बाहेर बसलेल्या हंटरने अंतिम सामन्यात २७ गुण केले.

विजेतेपदाने यूएमबीसी पुसले गेले, असे अनेकांनी त्या वेळी लिहिले. तसे झाले नाही. झाले ते एवढेच की ती चार अक्षरे चाहते आता स्वतःहून उच्चारू लागले, आणि विजेतेपदाची गोष्ट सांगताना सुरुवात शार्लटपासून करू लागले.

[तारखेचा फलक: १६ मार्च २०२३.]

पुढे मार्च महिन्याने त्यांना पुन्हा गाठलेच. शार्लटच्या त्या सामन्याला बरोबर पाच वर्षे झाली त्याच तारखेला, ओरलँडोत, फरमनविरुद्ध व्हर्जिनिया दोन गुणांनी पुढे होते आणि मोजके सेकंद उरले होते. कोपऱ्यात कोंडल्या गेलेल्या खेळाडूने चेंडू लांब भिरकावला, तो थेट फरमनच्या हाती गेला आणि तीन गुणांच्या फेकीने सामना ६८–६७ असा फिरला. चेंडू भिरकावणारा खेळाडू किहेई क्लार्क होता. ज्या हातांनी २०१९ वाचवले, त्याच हातांतून २०२३ निसटले. तरीही चाहत्यांपैकी अनेकांना त्याच्यावर धड रागावता आले नाही. २०२४ साली, मुख्य फेरीआधीच्या सामन्यात, कोलोरॅडो स्टेटने त्यांना ६७–४२ असे हरवले. त्या रात्रीत आठवण्यासारखे काही नव्हते, आणि यादीत अशीही एखादी नोंद असतेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले.

२०२५च्या मार्चमध्ये विद्यापीठाने नवा प्रशिक्षक नेमला. रायन ओडम. त्यांचे वडील ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियाचे सहायक प्रशिक्षक होते आणि लहानगा रायन संघासाठी चेंडू गोळा करणारा मुलगा म्हणून जुन्या युनिव्हर्सिटी हॉलमध्ये वावरत असे. तो हॉल २०१९च्या मे महिन्यात, विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच, पाडण्यात आला. पण चाहत्यांना रायन ओडम हे नाव माहीत होते ते त्या हॉलमुळे नव्हे. १६ मार्च २०१८ रोजी शार्लटमध्ये यूएमबीसीच्या बाकासमोर उभा असलेला प्रशिक्षक तोच होता.

[दृश्य: व्हर्जिनियाच्या जॉन पॉल जोन्स अरीनाच्या छताला टांगलेला २०१९चा विजेतेपदाचा फलक. कॅमेरा सावकाश खाली, यजमान संघाच्या बाकाकडे येतो.]