स्वतंत्रपूरची घरे आणि आर्थर रोडच्या बराकी

(दृश्य : आटपाडीजवळचा माळ, शेताकडे जाणारी पायवाट, बैठी घरे.)

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ, माणदेशाच्या कमी पावसाच्या माळावर, स्वतंत्रपूर नावाची एक लहानशी वसाहत आहे. येथे राहणारे पुरुष कायद्याने कैदी आहेत आणि त्यांच्या शिक्षाही किरकोळ नाहीत. परंतु त्यांच्याभोवती दगडी तट नाही. ते शेतात राबतात, संध्याकाळी आपल्याच घरी परततात आणि बायकामुलांबरोबर जेवायला बसतात. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या सुमारास राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचा प्रयोग केला. त्याच काळात, मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडच्या अभियंत्याच्या पुढाकाराने, कैद्यांवर विश्वास टाकणारी ही वसाहत उभी राहिली. पुढे व्ही. शांताराम यांनी या कल्पनेवर हिंदी चित्रपट काढला आणि तो देशभर गाजला. वसाहत मात्र मूठभर घरांपुरतीच राहिली.

महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ असे आहे. तुरुंगात जाऊन माणूस सुधारतो का, आणि सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाही का, हा प्रश्न विचारला की अधिकारी आणि अभ्यासक दोघेही हमखास खुल्या कारागृहांकडे बोट दाखवतात. येरवडा आणि पैठण येथील खुली कारागृहे असोत किंवा कैद्यांनी बाहेर नोकरी करून कुटुंब सांभाळावे अशी मुभा देणारे जयपूरजवळचे सांगानेर शिबिर असो, पळून जाण्याची मोकळीक असूनही बहुतेक कैदी पळत नाहीत, हे खरेच आहे. तरीही हा पुरावा जरा जपून वापरायला हवा. खुल्या कारागृहात कोणाला पाठवायचे हे आधी निवडून ठरवले जाते. ज्याने शिक्षेचा काही काळ आत काढला आहे, ज्याची वर्तणूक चांगली आहे, जो संचित रजेवर, म्हणजे कैद्याला काही दिवस घरी जाण्यासाठी मिळणाऱ्या सुट्टीवर, जाऊन वेळेवर परत आला आहे, त्यालाच ही संधी मिळते. असा माणूस सुटल्यावर सरळ मार्गाने राहिला, तर श्रेय खुल्या हवेला द्यायचे की निवड करणाऱ्या समितीच्या पारखी नजरेला, हे केवळ त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही.

(दृश्य : येरवडा कारागृहाचा दरवाजा, सुतारशाळा.)

पुन्हा गुन्हा करणारे बहुधा कोण असतात, हे पाहिले की ही अडचण अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत ३० राज्यांच्या तुरुंगांतून २००५ साली सुटलेल्यांचा पाठपुरावा केला असता, पाच वर्षांच्या आत सुमारे ७७ टक्के लोकांना पुन्हा अटक झाल्याचे आढळले. त्यातही चोरी, घरफोडी अशा मालमत्तेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचे प्रमाण ८२ टक्के होते, तर हिंसक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचे ७१ टक्के. ज्या गुन्हेगाराची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते, तोच सर्वांत जास्त वेळा परततो, असे नाही. रागाच्या भरात एकदा खून करून पंधरा वर्षे आत काढलेला पन्नाशीचा शेतकरी आणि मोबाइल चोरून तिसऱ्यांदा आत आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, या दोघांत पुनर्वसनाची खरी कसोटी त्या मुलापाशी लागते. येरवड्याची सुतारशाळा मात्र प्रामुख्याने त्या शेतकऱ्यासाठी आहे.

याचे कारण आपल्या व्यवस्थेतच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांची एकूण क्षमता होती ४,३६,२६६. आत असलेल्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते. ज्याचा खटला अजून चालू आहे, तो कायद्याच्या नजरेत गुन्हेगार नाही. त्यामुळे त्याला सक्तीने काम देता येत नाही, आणि हे योग्यच आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की कारखाना, मजुरी, संचित रजा, शिक्षेतील सूट, खुले कारागृह ही सुधारणेची सगळी शिडी सिद्धदोष, म्हणजे गुन्हा शाबीत झालेल्या, बंद्यांसाठी उभी आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवड्यातील बंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ ही ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना सुरू केली. कुटुंबाला हातभार लावण्याचा हा चांगला मार्ग आहे; परंतु परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून होत असल्याने, ज्याला मजुरीच नाही त्याच्यापर्यंत तो पोहोचणार कसा?

(दृश्य : मुंबई, आर्थर रोड कारागृहाबाहेर मुलाखतीसाठी थांबलेले नातेवाईक, हातात कपड्यांच्या पिशव्या.)

मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात, सुमारे हजारभर माणसांच्या जागेत, अनेक वर्षे तीन हजारांहून अधिक माणसे राहत आली आहेत. तेथील बराकीत रात्री कुशीवर झोपावे लागते, कारण पाठीवर झोपण्याइतकी जागा वाट्याला येत नाही. दिवसाला आकार देणाऱ्या गोष्टी तीनच: गिनती, मुलाखत आणि कोर्टाची तारीख. त्यातली तारीखही अनेकदा पोलीस पथक उपलब्ध नसल्याने हुकते. पहिल्यांदाच आत आलेला पोरगा या रिकाम्या वेळात कोणाशेजारी बसतो आणि काय शिकतो, यासाठी संशोधनाची फारशी गरज नसावी. तरी संशोधनही हेच सुचवते. २०२१ साली ११६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात समाजात राहून भोगायच्या शिक्षेच्या तुलनेत तुरुंगवासाने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटत नाही, उलट किंचित वाढते, असे दिसले.

मग तुरुंगाचा उपयोगच नाही, असे म्हणावे का? नॉर्वेतील एक अभ्यास येथे थांबवतो. तेथे खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल हे ठरलेले नसते. काही न्यायाधीश कडक असतात, काही सौम्य, आणि त्यामुळे जवळपास सारख्याच आरोपींपैकी एक तुरुंगात जातो, दुसरा जात नाही. या दोघांची तुलना करता, नॉर्वेत तुरुंगात गेलेले लोक पुढे कमी गुन्हे करताना आढळले. महत्त्वाचे हे, की हा फायदा प्रामुख्याने आधी रोजगार नसलेल्यांना झाला, कारण आत असताना त्यांना कामाचे प्रशिक्षण मिळाले आणि बाहेर आल्यावर नोकरी लागली. ज्यांना आधीच काम होते, त्यांनी मात्र ते गमावले. निवड समितीविना मिळालेला हा पुरावा असल्याने स्वतंत्रपूरपेक्षा त्याचे वजन जास्त आहे, आणि आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तो तंतोतंत लागू पडतो.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाण्यांत आणि कारागृहांत अशाच लोकांबरोबर काम करतो आहे. जामीन मंजूर होऊनही हमीदार मिळत नाही, सुटल्यावर रात्री कोठे झोपायचे हे ठरलेले नसते, आधार कार्ड हरवलेले असते, आणि नोकरीसाठी गेल्यावर पोलीस पडताळणीत जुने प्रकरण निघते. पुनर्वसन अडते ते अशा साध्यासुध्या ठिकाणी. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याची जामिनावर सुटका व्हायला हवी, आणि त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. तो मुलगा या तरतुदीने बाहेर येईलही. मात्र राष्ट्रीय अहवाल ३१ डिसेंबरला आत किती माणसे होती हे मोजतो; सुटलेला माणूस दोन वर्षांनी कोठे आहे, कामावर की पुन्हा त्याच बराकीत, याचा पाठपुरावा त्या अहवालात नसतो.