शंभर यार्डांवरचा एक इंच

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी इथे रायफलनं हरणाची शिकार करण्याचा हंगाम उघडतो. त्याआधी घराघरांच्या तळघरांत काडतुसं भरली जातात. वापरलेली पुंगळी प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायचा, बंदुकीची दारू तोलायची, वर गोळी दाबायची. दारू तोलतात ती ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, आणि एका पौंडात 7000 ग्रेन असतात!

एवढा खटाटोप कशासाठी? बहुतेकांना हवं असतं एकच: शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात. पण तीन गोळ्यांचा देखणा पुंजका योगायोगानंही पडतो. दहा मारून बघा.

आता हरणाकडे येऊ. व्हाइटटेल हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांची जागा साधारण 8 इंचांची, जेवणाच्या कागदी ताटलीएवढी. शंभर यार्डांवर दोन इंचांत मारणारी रायफल 200 यार्डांवर चार इंचांत मारते. म्हणजे नेमापासून गोळी ढळली तर दोन इंच. महिनाभर खपून रायफल एका इंचावर आणली, तर त्यातला एक इंच वाचतो. उलट 300 यार्डांवर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा थर्टी-ओ-सिक्स या शिकारीच्या काडतुसाची गोळी सहा-सात इंच सहज ढकलतो.

तरी त्या एका इंचासाठी काहीजण गोळी इतकी पुढे बसवतात की ती नळीतल्या खाचांत घट्ट रुतते. रायफल बाकावर टेकवून मारताना निकाल छान येतो. जंगलात संध्याकाळी रायफल रिकामी करताना मात्र पुंगळी तेवढी बाहेर येते, गोळी नळीतच अडकते आणि दारू बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या, खोबणीत सांडते. शिकारीचं काडतूस मॅगझिनमधून विनाअडथळा चढलं-उतरलं पाहिजे, ही माझ्या मते पहिली अट. दुसरी अट गोळीची: बरगडी भेदून आत फुलणारी हवी. पुंजक्याचा नंबर त्यानंतर.

दोन इंच जमले की प्रेस बाजूला ठेवा. उरलेली काडतुसं घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जा आणि बाक सोडा. मांडी घालून, गुडघ्यावर, उभ्यानं, धाप लागलेली असताना ताटलीवर मारा. ज्या अंतरावरून एकूण एक गोळी ताटलीत पडते, तेवढाच तुमचा पल्ला. त्यापलीकडच्या हरणावर चाप ओढू नका. पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच पडत नाही. झाडीत शिरतं आणि तासन्‌तास तडफडतं.