विमान रद्द झालं: बटण दाबण्याआधी काय माहीत हवं

नमस्कार. आज फक्त एका प्रसंगाबद्दल बोलायचं आहे. स्वस्त विमान कंपनीचं तिकीट काढलेलं आहे आणि मोबाइलवर मेसेज येतो, तुमचं विमान रद्द झालं आहे. मेसेजखाली लिंक असते. ती उघडली की दोन-तीन पर्याय दिसतात: दुसरं विमान घ्या, पैसे आमच्याकडेच ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी जमा, ठेवा, किंवा रिफंड घ्या. घाईत, गर्दीत, बॅगा सांभाळत माणूस यातलं जे आधी दिसेल ते दाबतो. पुढची सगळी कटकट बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, कारण एकदा पर्याय निवडला की बाकीचे दरवाजे बंद होतात.

आपल्याकडे या सगळ्याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, करतं. त्यांना ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट’, थोडक्यात सीएआर, म्हणतात. आपल्या कामाचे दोन भाग सेक्शन 3, सीरीज एममध्ये आहेत. भाग 2 तिकिटाच्या परताव्याचा आणि भाग 4 विमान रद्द होणं, उशीर होणं आणि तिकीट असूनही विमानात न घेणं याबद्दलचा. तक्रार लिहिताना हे नाव आणि भाग लिहा. नुसतं ‘मला न्याय द्या’ लिहिलेल्या तक्रारीला साचेबंद उत्तर येतं. नियम दाखवला की समोरच्याला त्या नियमाबद्दल बोलावं लागतं.

भाग 4 काय सांगतो? कंपनीने विमान सुटण्याच्या किमान दोन आठवडे आधी कळवलं, तर तुम्हाला चालेल असं पर्यायी विमान किंवा पैसे परत. दोन आठवड्यांपेक्षा कमी, पण निदान 24 तास आधी कळवलं, तरी हेच. भरपाई नाही. त्याहून उशिरा कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर मात्र चित्र बदलतं: कंपनीने तुम्हाला मान्य असलेलं पर्यायी विमान द्यावं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत करावेत आणि त्यावर भरपाईही द्यावी. विमानतळावर पर्यायी विमानाची वाट पाहत थांबायला लागलं तर खाणंपिणं कंपनीकडून.

इथला ‘नाहीतर’ नीट लक्षात घ्या. पर्यायी विमान तुम्ही स्वीकारलं की भरपाईचा मुद्दा संपला. ‘दुसरं विमानही घेतलं, आता भरपाईही द्या’ ही मागणी आपल्या नियमात बसत नाही. आणि ‘तुम्हाला मान्य असलेलं’ या शब्दांना वजन आहे. सकाळच्या विमानाऐवजी दुसऱ्या दिवशी रात्रीचं दिलं आणि ते तुमच्या उपयोगाचं नसेल, तर नाही म्हणायचा अधिकार तुमचा आहे. फक्त ते नाही लेखी म्हणा. चॅटवर किंवा ईमेलवर लिहा: ‘दिलेलं पर्यायी विमान मला मान्य नाही, मी पूर्ण परतावा मागतो आहे.’

भरपाईची रक्कम विमानाच्या ब्लॉक टाइमवर ठरते. ब्लॉक टाइम म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. एक तासापर्यंत 5,000 रुपये, एक ते दोन तास असेल तर 7,500, दोन तासांहून जास्त असेल तर 10,000. पण पुढे शब्द आहेत: किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. समजा विमान दीड तासाचं आहे, मूळ भाडं 2,800 आणि इंधन अधिभार 600. बेरीज 3,400. कमाल मर्यादा 7,500 असली तरी हातात येणार 3,400, आणि तिकिटाचा परतावा वेगळा. म्हणजे तिकीट जितकं स्वस्त तितकी भरपाई तोकडी. माझ्या मते हा या नियमाचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. प्रवाशाचं नुकसान तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही. स्वस्त तिकीटवाल्याचीही परीक्षा, मुलाखत, लग्न चुकतंच.

भरपाई कधी मिळत नाही? कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तेव्हा. नियमात नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, हवामान, सुरक्षेची अडचण, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशी कारणं आहेत. काउंटरवर ‘हवामान’ हा शब्द ऐकला की बरेच जण पैशांवर पाणी सोडून घरी जातात. तसं करू नका. धुक्याने भरपाई जाते, परतावा जात नाही. जे विमान उडालंच नाही त्याचे पैसे कंपनीला ठेवता येत नाहीत.

भरपाई जाण्याचं दुसरं कारण आपल्या बाजूचं असतं, आणि ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तिकीट काढताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई देय नाही. तुम्ही म्हणाल, नंबर तर दिला होता. दिला होता पोर्टलला किंवा एजंटला. कित्येकदा एजंट कंपनीकडे स्वतःचाच नंबर आणि ईमेल भरतो. कंपनीने मेसेज पाठवलेला असतो, तो गेलेला असतो एजंटकडे. म्हणून तिकीट हातात आलं की त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून बुकिंग उघडा आणि तिथे स्वतःचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर बदलून घ्या.

आता क्रेडिट शेल. नियम सांगतो की परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवासी ठरवेल. कंपनी ते आपोआप गृहीत धरू शकत नाही. क्रेडिटला मुदत असते, ते त्याच कंपनीत वापरावं लागतं आणि अनेकदा त्याच प्रवाशाच्या नावावर. ते मिळालं म्हणून तुमचे पैसे मिळाले असं होत नाही. टाळेबंदीच्या काळातल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला जो निकाल दिला, त्यात अडचणीतल्या कंपन्यांना क्रेडिट शेलची सवलत होती, पण ती 31 मार्च 2021 पर्यंतच, त्यावर दरमहा वाढ देऊन, आणि शेवटी न वापरलेले पैसे परत करण्याच्या अटीवर. इतक्या अपवादात्मक परिस्थितीतही पैसे कायमचे अडकवून ठेवायला परवानगी मिळाली नाही.

यापेक्षा मोठी चूक मात्र वेगळीच आहे. विमान रद्द होणार अशी कुजबुज सुरू झाली, बोर्डावर तास तास उशीर वाढतो आहे, आणि माणूस वैतागून ॲपमध्ये जाऊन स्वतःच ‘कॅन्सल बुकिंग’ करतो. कंपनीच्या नोंदीत ते प्रवाशाने केलेलं रद्दीकरण ठरतं आणि रद्द करण्याचं शुल्क कापलं जातं. स्वस्त तिकिटात त्यानंतर हातात करांपलीकडे फारसं काही उरत नाही. कंपनीने रद्द झाल्याचं जाहीर करेपर्यंत थांबा. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर रद्द होण्याची वाट पाहायचीही गरज नाही. त्या स्थितीत सहा तासांच्या आत पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क आहे. त्या हक्काखाली मागा, साध्या रद्दीकरणाच्या बटणातून नाही.

करांचं म्हटलं म्हणून सांगतो. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, तुम्ही स्वतः रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं वापरकर्ता शुल्क परत मिळतं. मागितलं तर.

परतावा घ्यायचा की पर्यायी विमान? इथे थोडा हिशेब करावा. परतावा घेतलात की कंपनीची तुम्हाला पोहोचवण्याची जबाबदारी संपते. तुमच्या हातात येतात तिकिटाचे 4,000, आणि त्याच दिवशीचं दुसऱ्या कंपनीचं भाडं त्याच्या तिप्पट झालेलं असू शकतं. प्रवास टाळता येत नसेल तर आधी पर्यायी विमानाचाच आग्रह धरा. प्रवासच निरर्थक झाला असेल तर परतावा. जाण्या-येण्याची तिकिटं एकाच पीएनआरवर असतील तर दोन्ही बाजूंच्या परताव्याची मागणी स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त रद्द झालेल्या बाजूचे पैसे येतात. आणि जोडविमान वेगळ्या तिकिटावर असेल, जे स्वस्त कंपन्यांत नेहमीचंच आहे, तर पहिलं विमान रद्द झाल्याने दुसरं चुकलं याची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. मध्ये भरपूर वेळ ठेवणं एवढंच त्यावर आहे.

युरोपातून उडत असाल तर गणित खूप वेगळं आहे. तिथला नियम आहे 261/2004, लागू झाला फेब्रुवारी 2005 मध्ये. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागतो, कंपनी कुठलीही असो. बाहेरून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असली तरच. म्हणजे पॅरिसहून मुंबईला येताना भारतीय कंपनीच्या विमानालाही लागतो, पण त्याच कंपनीने मुंबईहून पॅरिसला जाताना नाही. परतावा सात दिवसांत, रोख किंवा बँकेतून. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची स्पष्ट संमती हवी. भरपाई अंतरावर: 1,500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, मधल्या टप्प्याला 400, आणि युरोपीय संघाबाहेरच्या 3,500 किलोमीटरवरच्या प्रवासाला 600. तिकीट 20 युरोचं असलं तरी 250 युरोच. पर्यायी विमान घेतलं म्हणून भरपाई आपोआप बुडत नाही. दोन आठवडे आधी कळवलं तर मात्र ती मिळत नाही. 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपभरची विमानं बंद पडली, तेव्हा एका स्वस्त कंपनीने अडकलेल्या प्रवाशाचा राहण्या-खाण्याचा खर्च द्यायला नकार दिला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये सांगितलं की कारण कितीही असाधारण असलं तरी प्रवाशाची काळजी घेण्याचं बंधन सुटत नाही.

अमेरिकेत भरपाईची अशी सक्ती नाही, पण परतावा कडक आहे. ऑक्टोबर 2024 पासून विमान रद्द झालं आणि प्रवाशाने पर्याय नाकारला की परतावा आपोआप द्यावा लागतो. क्रेडिट कार्डावर सात कामकाजाच्या दिवसांत, इतर मार्गांनी 20 दिवसांत.

परत आपल्याकडे येऊ, पैसे अडकतात कुठे ते पाहू. क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून तिकीट काढलं असेल तर सात दिवसांत परतावा व्हायला हवा. पोर्टलवरून काढलं असेल तर पैसे आधी कंपनीकडून पोर्टलच्या खात्यात जातात आणि तिथून तुमच्याकडे. मग कंपनी सांगते ‘आम्ही दिले’, पोर्टल सांगतं ‘आम्हाला मिळाले नाहीत’. नियम इथे स्पष्ट आहे: एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी, परताव्याची जबाबदारी कंपनीची. कंपनी ‘दिले’ म्हणाली की तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक मागा. कार्डाच्या परताव्याला एआरएन असतो, यूपीआयला आरआरएन. तो क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते बँक शोधू शकते. ‘प्रक्रियेत आहे’ या उत्तरापुढे जायचा हाच रस्ता आहे.

कागद लगेच जमवा. रद्द झाल्याच्या मेसेजचा वेळेसह स्क्रीनशॉट, भाड्याची फोड दाखवणारं तिकीट, रद्द झाल्याचं कारण लिहिलेलं कंपनीचं पत्र किंवा ईमेल, खाण्या-राहण्याच्या पावत्या. कारणाचं पत्र काउंटरवरच मागा. विमा असेल तर विमा कंपनीही तेच मागते.

तक्रारीचा क्रम असा: आधी कंपनीचं ग्राहक सेवा खातं, मग नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी. त्यांचे ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर द्यावेच लागतात. तिथे काम झालं नाही तर सरकारचं एअरसेवा पोर्टल, आणि 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा मंत्रालयाने परताव्यासाठी तारीख आणि वेळ ठरवून दिली होती. एकट्या प्रवाशासाठी असं होत नाही, त्याला स्वतःच पाठपुरावा करावा लागतो.

शेवटचा मार्ग ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. तिकिटासाठी तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

कंपनीच बंद पडली तर गोष्ट वेगळी. गो फर्स्टने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि विमानं थांबली. अशा वेळी कायद्याने वसुलीला स्थगिती लागते, त्यामुळे कंपनीमागे लागून उपयोग नसतो. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागा: सेवा मिळाली नाही, म्हणून व्यवहार उलटवा. त्याला मुदत असते, म्हणून आशेवर महिने घालवू नका.

आणि या सगळ्या धावपळीत कंपनीचा फोन नंबर सर्च करून मिळवू नका. विमानं रद्द झाली की खोटे कस्टमर केअर नंबर फिरतात, समाजमाध्यमांवर तक्रार टाकली की त्याखाली ‘मदत करतो’ म्हणणारी खोटी खाती येतात. नंबर तिकिटावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्या. पैसे परत येण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन तिथेच ठेवा, आणि पिन देऊन बसला असाल तर त्याच मिनिटाला 1930 वर कळवा.