बल्बवरचे दोन आकडे

श्रोतेहो, नमस्कार.

बल्ब गेला की आपण दुकानात जाऊन म्हणतो, "एक नऊ वॅटचा द्या." दुकानदार देतो, आपण लावतो, उजेड पडतो. बहुतेक वेळा यात काही चुकत नाही, कारण आपल्याकडे घरात येणारी वीज सगळीकडे 230 व्होल्टचीच असते. पण बल्बवर छापलेल्या दोन आकड्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते एकदा नीट समजून घेऊ. व्होल्टचा, म्हणजे विजेच्या दाबाचा, आकडा पुरवठ्याशी जुळलाच पाहिजे. वॅटच्या, म्हणजे बल्ब किती वीज घेतो त्याच्या, आकड्याला मात्र फक्त वरची मर्यादा असते, आणि ती मर्यादा होल्डर, शेड आणि वायर ठरवतात.

आधी व्होल्ट. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची. तिथला तारेचा, म्हणजे आतली तार तापून उजळणारा जुना बल्ब कुणी हौसेनं इकडे आणला, तर तो आपल्या आट्याच्या होल्डरमध्ये बसतो. आटा बसला म्हणून व्होल्टेज जुळलं असं समजायचं नाही. 120 व्होल्टवर 60 वॅट घेणाऱ्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 240 ओहम असतो. तिला 230 व्होल्ट दिले की हिशोबानं ती 220 वॅट ओढू पाहते, क्षणभर लख्ख पेटते आणि तुटते. याच्या उलट, आपला 230 व्होल्टचा 60 वॅटचा बल्ब दिवाळीच्या आकाशकंदिलासोबत तिकडे नेला, तर तो जेमतेम पंधरा-वीस वॅट घेतो आणि लालसर मिणमिणतो. जात नाही, पण उपयोगही नाही. तिकडच्या मंडळींनी कंदील इथून न्यावा, बल्ब तिथलाच घ्यावा.

फरक इतका मोठा असायलाच हवा असंही नाही. तारेच्या बल्बचं आयुष्य साधारण 1000 तासांचं धरतात. त्याला सतत पाच टक्के जास्त व्होल्टेज मिळालं, म्हणजे 230 ऐवजी 242 व्होल्ट, तर ते जवळपास निम्म्यावर येतं. आणि संध्याकाळी लाइन 180 वर उतरली, तर उजेड निम्म्याहूनही कमी होतो.

एलईडी बल्बचं गणित निराळं. त्याच्या बुडाशी ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं, ते व्होल्टेज सांभाळतं. खोक्यावर बघा: काहींवर "220–240 व्होल्ट" लिहिलेलं असतं, काहींवर "100–300 व्होल्ट". शेतावर, वस्तीवर, लाइनच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर 100–300 वालाच घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी. खोक्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावं.

गणपतीच्या आणि लग्नाच्या माळांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे धोका लपलेला असतो. जुन्या पद्धतीच्या माळेत छोटे दिवे एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. दिवा 6 व्होल्टचा असेल तर 38 दिवे लागतात. 38 गुणिले 6 म्हणजे 228. आता काही दिवे गेले म्हणून कुणी आठ दिवे कापून टाकले आणि वायर जोडून दिली, की उरलेल्या 30 दिव्यांवर प्रत्येकी साडेसात व्होल्टच्या वर येतात. माळ छान झगमगते, आणि मग एकामागोमाग एक दिवे जाऊ लागतात. प्रत्येक गेलेला दिवा काढून वायर जोडली की बाकीच्यांवरचा भार आणखी वाढतो. म्हणून जितके काढले तितके, त्याच व्होल्टचे आणि त्याच वॅटचे, परत लावायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवा 6 व्होल्टचा आहे म्हणून चालू माळेला हात लावू नका. ज्या जागी दिवा गेलेला असतो, नेमक्या त्या दोन टोकांमध्ये पूर्ण 230 व्होल्ट असतात. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर काढा.

आता वॅट. टेबललॅम्पच्या किंवा झुंबराच्या होल्डरजवळ "कमाल 40 वॅट" अशी चिठ्ठी असते. ही मर्यादा उष्णतेची आहे. तिथे 100 वॅटचा तारेचा बल्ब लावला तर लगेच काही होत नाही. काही महिन्यांत होल्डर तपकिरी पडतो, ठिसूळ होतो, आतल्या पितळी पिनांच्या स्प्रिंग ढिल्या होतात, ठिणग्या पडू लागतात, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. कागदी आकाशकंदिलात तर तारेचा बल्ब लावूच नये. पाच-सात वॅटचा एलईडी पुरतो.

40 वॅटच्या जागी 9 वॅटचा एलईडी खुशाल चालतो आणि उजेड जास्तच मिळतो, कारण उजेड वॅटमध्ये मोजत नाहीत, ल्युमेनमध्ये मोजतात. 60 वॅटचा तारेचा बल्ब साधारण 700 ल्युमेन देतो, चांगला 9 वॅटचा एलईडी 800 ते 900. दहा बाय बाराच्या खोलीला एकूण दीड-दोन हजार ल्युमेन पुरेत. फक्त काचेच्या बंद गोळ्यात मोठा एलईडी कोंडू नका. त्याची उष्णता बुडातून बाहेर पडते. ती कोंडली की ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो आणि बल्ब लुकलुकायला लागतो.

झिरोचा बल्बही शून्य वॅटचा नसतो. जुना तारेचा झिरो 12 ते 15 वॅट घेतो. 15 वॅटचा रोज दहा तास म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. अर्ध्या वॅटच्या एलईडीला तेवढ्याच वेळात दीड दशांश युनिटही भरपूर होतं.

बटण बंद केलं तरी एलईडी अंधूक पेटलेला राहतो, अशी तक्रार पुष्कळांची असते. दोष बहुधा बल्बचा नसतो. एकतर बटणात बारीक निऑन दिवा असतो, नाहीतर वायरमननं फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, सोडून न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बटणातून फिरवलेली असते. दुसरं असेल तर ते दुरुस्त करूनच घ्या. कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते. आट्याच्या होल्डरमध्ये फेज मधल्या बिंदूला आणि न्यूट्रल आट्याला हवी, हेही त्याच वेळी तपासून घ्या.

घरातले काही दिवे अचानक फार प्रखर, शेजारचे मंद, पंखा भन्नाट फिरतोय, असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका. इमारतीची न्यूट्रल तुटल्याचं ते लक्षण आहे. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं 400 व्होल्टमध्ये एकमेकांशी सिरीजमध्ये अडकतात, आणि ज्या घरात भार कमी, तिथे 300 च्या वर व्होल्टेज चढतं. ताबडतोब मेन स्विच पाडा आणि 1912 वर तक्रार नोंदवा.

शेवटी गाडीचा दिवा. ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची, कारची 12 ची, आणि एच-फोर नावाच्या हेडलाइट बल्बची बैठक दोन्हीकडे सारखीच. 12 चा बल्ब ट्रकमध्ये बसतो आणि लावताक्षणी जातो. कारमध्ये 12 व्होल्ट, 60/55 वॅटचा, म्हणजे लांबच्या झोताला 60 आणि जवळच्या झोताला 55 वॅटचा बल्ब असतो. लांबच्या झोताला तो 5 अँपिअर घेतो. उजेड कमी वाटतो म्हणून 100/90 चा बसवला की करंट 8 अँपिअरच्या वर जातो. स्विच तापतो, बल्बमागचं प्लास्टिक कनेक्टर वितळतं, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याआधी एक मोजणी करा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेला, आणि मल्टिमीटर थेट बल्बच्या कनेक्टरवर. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि बल्बवर साडेअकरा दिसले, तर 40 टक्क्यांच्या आसपास उजेड वाटेतच गेलाय. गंजलेला अर्थ पॉइंट घासून घट्ट करा, कनेक्टर बदला, हेडलाइटला फ्यूजसह रिले, म्हणजे मोठा करंट स्वतःतून नेणारा छोटा स्विच, टाकून घ्या. मूळचाच 60/55 चा बल्ब पुरेसा उजेड देऊ लागतो. नवा हॅलोजन बसवताना त्याच्या काचेला मात्र बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. नमस्कार.